बाहेरची कडी

१

दर सोमवारी माझ्या बालवर्गाचा पहिला तास घराचा असतो. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात प्लायवूडचं एक घर आहे. त्याच्या भिंती माझ्या खांद्यापर्यंत येतात आणि वर छप्पर नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते मला सगळं दिसतं. मुलांना मात्र वाटतं की आपण अगदी एकटे आहोत. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बाथरूम अशा चार खोल्या. चौघांनी आत जायचं, झाडायचं, पुसायचं, वस्तू जागच्या जागी लावायच्या आणि बाहेर येऊन सांगायचं की कोणती खोली कशासाठी असते.

माझ्या वहीत उत्तरं ठरलेली आहेत, पण मुलं वही वाचत नाहीत. "स्वयंपाकघर कशासाठी?" असं विचारलं की गोट्या म्हणतो, "आईबाबांना भांडायला." झोपायची खोली? "मोबाइल बघायला." गोट्याचं खरं नाव हजेरीत आहे, पण पहिल्या दिवशी तो डोक्याचा चकोट करून आला आणि तेव्हापासून तो गोट्याच. त्याच्या शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी बसते. ती सगळ्यांची उत्तरं एकटीच देते, म्हणून तिला मी बडबडी म्हणते. तिच्या आईला हे नाव कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, घरी आम्ही भोंगा म्हणतो."

त्या सोमवारी गोट्या बाथरूममध्ये होता. कोरड्या फडक्याने फरशी पुसून झाली, रिकामी बादली पालथी घालून झाली आणि मग त्याने आतून दार वाजवलं. टक, टक, टक. त्या दाराला कडी नाही. बोट लावलं तरी ते उघडतं. तरी गोट्या हात मागे बांधून उभा राहिला. बाहेरून बडबडीने दार ओढलं तेव्हा कुठे तो बाहेर आला.

"गोट्या, आत जाताना वाजवायचं असतं रे. बाहेर येताना नाही."

"बाहेर येतानाच असतं," तो म्हणाला. "मग बाहेरचं माणूस उघडतं."

"कोणी शिकवलं तुला?"

"मावशींनी."

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मावशींना गाठलं. त्या बादलीतलं पाणी ओतत होत्या. "तुमच्या त्या प्लायवूडच्या महालात मी कशाला येऊ बाई?" त्या म्हणाल्या. "खरी बाथरूमं घासूनच माझी कंबर मोडते. आणि तुमच्या पोरांशी मी बोलत नाही, नुसती ओरडते."

हे खरं होतं. मी वर्गात परत आले तर उरलेली सतरा मुलंही आतून दार वाजवूनच बाहेर येत होती. एकाने शिंक काढली की वर्गभर शिंका सुरू होतात, तसंच हे, असं मी स्वतःला सांगितलं.

२

मी या शाळेत मुलांवरच्या प्रेमापोटी आले नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलं मला आवडतात, पण ती कुठल्याही शाळेत मिळतात. मी आले मोठ्या बाईंसाठी.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. सडसडीत अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि व्हरांड्यातून चालत गेल्या की आपोआप सगळ्यांच्या चपला ओळीत लागतात अशा. एकोणतीस वर्षांपूर्वीही मुख्याध्यापिका त्याच होत्या. तेव्हा इथली मावशी माझी आई होती आणि मी याच बालवर्गात होते.

त्या काळात बाथरूमच्या दारांना आतून कडी नव्हती. एका मुलाने स्वतःला कोंडून घेतलं होतं, दार फोडून काढावं लागलं होतं, तेव्हापासून बाईंनी आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. ॲसिड टाकून फरशी घासायची असली की मुलं आत घुसू नयेत म्हणून बाहेरची कडी लावायची, आणि काम संपलं की मावशीने आतून दार वाजवायचं, अशी पद्धत होती. म्हणून तर गोट्याने दार वाजवलं तेव्हा मी मावशींना गाठलं होतं.

त्या दिवशी आईने आधी ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि तिच्यावर ॲसिड ओतलं. त्याचा विषारी वायू झाला. खिडकी नव्हती, वर नुसता वीतभर झरोका. आईने दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. बाई कडी लावून फाटकापाशी कोणाशी तरी बोलत उभ्या राहिल्या आणि विसरल्या. चौकशीत त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. कडी मी लावली, माझ्या लक्षातून गेलं, चूक माझी. लोकांनी माना हलवल्या आणि अपघात म्हणून कागद मिटवले. दूध गॅसवर विसरतं माणूस. आत कोंडलेली बाई विसरतं का?

आई त्यानंतर अकरा दिवस होती. बोलली नाही. मी खाटेजवळ गेले की भिंतीकडे तोंड फिरवायची. मामा म्हणायचा, तुला बघून तिला रडू येतं, म्हणून. मग मामाने मला त्याच्या घरी नेलं, दूर. तिथे मी शिकले, लग्न झालं, आडनाव बदललं. तीन वर्षांपूर्वी इथली जाहिरात वाचली आणि अर्ज केला. बाईंनी माझी प्रमाणपत्रं चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

मला माफी नको होती. वर्तमानपत्रात छापून यायला नको होतं. मला एवढंच हवं होतं की बाईंनी त्या बाथरूमच्या आतून दार वाजवावं, मी बाहेर उभं असावं आणि मी उघडू नये. किती वेळ, ते मी ठरवलं नव्हतं. रागारागात मनातसुद्धा मी त्यांना अहोजाहोच करते, ही त्यांच्याच शाळेची शिकवण. आता त्या निवृत्त होणार होत्या. माझ्या हातात पंधरा दिवस होते.

३

बुधवारी बडबडीने माझ्या टेबलाजवळचं लाकडी स्टूल ओढत नेलं, प्लायच्या बाथरूमच्या दाराशी ठेवलं आणि त्यावर चढून बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आतून गोट्या दार वाजवत होता. ती समोर बघत होती. वर्षभरात पहिल्यांदाच मी तिला इतकी गप्प पाहत होते.

"उघड की गं त्याला," मी म्हणाले.

"मी स्टूलवाली आहे. स्टूलवाली उघडत नाही."

"का बरं?"

"तिची कट्टी आहे."

बालवर्गात दहा वाजेपर्यंत निम्म्या वर्गाची उरलेल्या निम्म्याशी कट्टी झालेली असते, आणि साडेदहाला बट्टी. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बाहेरून दार कोणी उघडायचं होतं आणि कोणी उघडलं नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. स्टूलवाली म्हणजे मोठ्या बाई, एवढं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दार मी ओढलं. गोट्याचे डोळे लाल झाले होते, त्यातून पाणी वाहत होतं. तो रडत नव्हता. "आत वास येतोय," तो म्हणाला आणि खोकला.

मी भिंतीवरून वाकून पाहिलं. खालचा प्लाय ओला होता. नुकता घासल्यासारखा. एका पट्टीत त्याचा रंग उडून पांढरा पडला होता. वर्गात नळ नाही, मुलांच्या बाटल्या दाराबाहेर रॅकमध्ये असतात. आणि तो वास मला ओळखू आला नसता तरच नवल. समोरच्या इमारतीत मावशींनी बाथरूम घासलं असेल, वारा इकडचा असेल, असं मी मनाशी म्हणाले. खिडकीतून बघितलं तर झाडाचं पानही हलत नव्हतं.

आमच्या कोपऱ्यातली भिंत ही जुन्या बाथरूमची भिंत आहे. त्या प्रकारानंतर बाईंनी त्याला कुलूप लावलं आणि मुलांसाठी अंगणापलीकडे नवी बाथरूमं बांधली. मुलं घरी गेल्यावर मी त्या भिंतीला कान लावला. पलीकडून आवाज येत होता. खसाखसा, खसाखसा, मग थांबायचा, मग पुन्हा. कबुतरं असतील, असं मी म्हणून पाहिलं. कबुतरं पंख फडफडवतात, घुमतात. ती घासत नाहीत.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतकी वर्षं हा राग मी एकटीने सांभाळला होता. मामाला तो जड झाला, मग त्याने विषय काढणं सोडलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सोड ना आता, म्हातारी झाली ती बाई." मुळात हा राग आईचा, आणि तिला तरी तो सोडवला नव्हता.

"आई," मी भिंतीला म्हणाले, "बाईंना मी आणते तुझ्यापाशी."

पलीकडचं घासणं थांबलं. तिने ऐकलं, असं मला वाटलं. मी हात भिंतीवर ठेवला तर चुना ओलसर लागला, आणि बोटांची नंतर दोन दिवस आग होत राहिली.

४

निरोपाच्या आठवड्यात मोठ्या बाई प्रत्येक वर्गात अर्धा तास बसत होत्या. माझ्या वर्गात त्या सोमवारी येतील अशी मी तजवीज केली. त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या. माझे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर होते. मला तो चेहरा पडताना बघायचा होता.

मुलांनी झाडलं, पुसलं, उशा रचल्या. मी विचारायला सुरुवात केली.

"बाहेरची खोली कशासाठी?"

"पाहुण्यांसाठी," मुलं म्हणाली.

"स्वयंपाकघर?"

"जेवण करायला." गोट्याने भांडणाचा उल्लेख टाळला, मोठ्या बाईंचा तेवढा वचक होता.

"आणि बाथरूम कशासाठी?"

"वाट बघण्यासाठी," अठरा मुलं एका आवाजात म्हणाली.

हे मी शिकवलं नव्हतं. माझ्या वहीत अंघोळ होती, हात धुणं होतं, नळ घट्ट बंद करणं होतं. मी हसण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात आतून दार वाजलं. बडबडी स्टूलवर बसलेली होती, हात मांड्यांखाली. मी मुलं मोजली. अठराच्या अठरा माझ्या डोळ्यांसमोर होती.

मोठ्या बाई उठल्या. त्या घराकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ बडबडीपाशी गेल्या, तिला उचलून खाली ठेवलं आणि स्टूल हातात घेतलं.

"इथे मुलांना बसवायचं नाही," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही बाई. मुलं आपापलं शिकतात."

मला वाटलं, आता बाई नजर चुकवतील. चोराची नजर मला ओळखू येते, रोज अठरा चोर सांभाळते मी. पण त्यांनी नजर चुकवली नाही. त्या माझ्याकडे तशा बघत होत्या, जसं आपण तापाने फणफणलेल्या मुलाकडे बघतो.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी छान."

"शनिवारी मी खोल्यांचा चार्ज देणार आहे. जुन्या बाथरूमपाशी मी एकटी जाईन. तुम्ही तिकडे येऊ नका."

स्टूल त्या आपल्या ऑफिसात घेऊन गेल्या. मी वर्गाच्या दारात उभी राहिले आणि मनातल्या मनात टाळी दिली. बाई घाबरल्या होत्या. बाई मला घाबरल्या होत्या, असं मला वाटलं.

५

चार्ज देणं म्हणजे प्रत्येक खोली उघडून आतल्या सामानाची यादी करायची आणि खाली दोन सह्या करायच्या, एक देणाऱ्याची आणि एक साक्षीदाराची. हा नियम बाईंनीच केलेला. शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाल्या तेव्हा मी यादीची वही घेऊन त्यांच्या मागे गेले.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं."

"दुसरी सही कोण करणार बाई? मावशींना चष्मा लागलाय आणि त्या तो लावत नाहीत."

त्या पुढे चालू लागल्या. नियम त्यांच्याकडून मोडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. व्हरांड्याच्या टोकाला दुपारचं ऊन पडलं होतं. दाराला जुना हिरवा रंग, वर कुलूप, आणि कुलपाखाली ती लोखंडी कडी. आईच्या वेळचीच. कुलूप निघायला वेळ लागला. बाईंच्या हातातून किल्ली दोनदा निसटली.

"तुम्ही बाहेरच थांबा. मी आतून सांगते, तुम्ही लिहा."

"बरं."

त्या मोबाइलचा उजेड पुढे धरून आत गेल्या. "एक बादली," त्यांचा आवाज आला. "एक ब्रश." मग जरा थांबून, "फरशी ओली कशी?"

मी वही खाली ठेवली, दार ओढलं आणि कडी सरकवली. एकोणतीस वर्षं न हललेली कडी. मला वाटलं होतं, जोर लावावा लागेल. ती रोजच्या वापरातली असावी तशी गेली.

६

टक, टक, टक.

मी उघडलं नाही. किती दिवस मी या आवाजाची वाट पाहिली होती. ऊन माझ्या पायांवर होतं, छातीत काहीतरी मोकळं होत होतं, आणि मला खरंच बरं वाटलं. ते लपवून काय करू.

"कडी काढा," बाई आतून म्हणाल्या. आवाज शांत होता.

"विसरले बाई," मी म्हणाले. "माझ्या लक्षातून गेलं."

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही कोण ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कपाळ आईचंच आहे."

"मग आईला काय वाटलं असेल तेही कळू दे."

तेवढ्यात आत घासायचा आवाज सुरू झाला. खसाखसा, खसाखसा. भिंतीतून नाही, दारापलीकडून, दोन हातांवरून. बाईंचा श्वास मला ऐकू आला.

"इथे कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "कोपऱ्यात बसलंय. पाठ आहे माझ्याकडे."

"मग बोला तिच्याशी. तुमच्यासाठीच आली आहे ती."

घासणं चालू होतं. मी कडीवर हात ठेवून उभी होते, काढण्यासाठी नव्हे, ती जागेवर आहे ना ते बघायला. मग बाई दाराला अगदी चिकटून बोलल्या, आणि तुम्हीचं तू झालं.

"ऐक. कडी काढू नकोस. तू इथून जा. फाटकाबाहेर जा आणि मावशींना पाठव. तू काढू नकोस."

मला हसू आलं. "ही कुठली नवी युक्ती?"

"ती माझ्याकडे बघतही नाही. मी तिच्या बाजूने गेले, तिला माझं काहीच नाही. ती फरशी घासत घासत दाराकडे सरकते आहे. तुझ्या आवाजाकडे. तू जा."

"का? मी तिची मुलगी आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. आमच्या मोठ्या बाईंना. "तुला हे कधी कळायला नको होतं. मी कडी लावली, हे खरं. पण तुला स्टूल देऊन दाराशी बसवलं होतं. आई टकटक करेल तेव्हा कडी काढ, असं सांगितलं आणि मग फाटकाशी गेले. तुझा हात पोचावा म्हणून तर स्टूल होतं. सकाळी तिने पुसलेल्या फरशीवर तू चिखलाचे बूट घेऊन फिरलीस, म्हणून तिने तुला सगळ्या वर्गासमोर चापट मारली होती. मी परत आले तेव्हा तू स्टूलवरच होतीस. मी विचारलं, आईने वाजवलं नाही का? तू म्हणालीस, वाजवलं. खूप वाजवलं. माझी आईशी कट्टी आहे."

माझा हात कडीवरच होता.

"पाच वर्षांची होतीस तू," बाई म्हणाल्या. "पाच वर्षांच्या मुलावर असलं ओझं टाकतं का कोणी? म्हणून मी सांगितलं, मी विसरले."

खोटं बोलताय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला ते स्टूल आठवलं. बडबडीचं नाही, माझं. मांड्यांखाली दाबलेले हात, त्यांना टोचणारी लाकडाची कड. गालाची आग. मला तेव्हा दहापर्यंतच आकडे येत होते. दार वाजलं की मी मोजत होते, दहा झाले की पुन्हा एकपासून. बसू दे तिला आत, असं मी मनात म्हणत होते. कळू दे तिला. मग आवाज दाराच्या खालच्या बाजूने यायला लागला, हळू, आणि मला वाटलं, मी जिंकले.

आई भिंतीकडे तोंड का फिरवायची ते मामाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एकोणतीस वर्षं मी ते बाईंच्या अंगावर घालून हिंडत होते.

आतलं घासणं थांबलं. दार वाजलं. बाईंच्या हाताच्या उंचीवरून नाही. अगदी खालून, माझ्या पावलांपाशी, हळू.

७

जाता आलं असतं. फाटक तिथून चाळीस पावलांवर आहे, आणि बाई आतून सारखं जा, जा म्हणत होत्या. पण पुन्हा एकदा तो आवाज ऐकून स्वस्थ बसणं माझ्याने झालं नसतं. मी कडी काढली.

दार मी ओढायच्या आधीच उघडलं. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते, केस कपाळाला चिकटले होते, पण त्यांना काही झालेलं नव्हतं. त्या बाहेर आल्या नाहीत. माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभ्या राहिल्या, मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळू नयेत म्हणून उभ्या राहतात तशा.

"मावशी," त्या आत बघून म्हणाल्या, "कडी मी लावली होती. पोरीचा यात काही दोष नाही. जे काही आहे ते माझ्याशी बोला."

त्यांच्या हाताखालून मला आतलं थोडंसं दिसलं. ओली, पांढरी पडलेली फरशी. तिच्यावर टेकलेला एक तळहात, बोटांच्या पेरांवरची साल गेलेली. मनगटावरून वर काळोख होता, आणि त्या काळोखात एक चेहरा भिंतीकडून हळूहळू इकडे वळत होता. डोळे दिसायच्या आधीच मला तो राग कळला. रोज सकाळी आरशात मी तोच बघत आले आहे.

मी बाईंचा खांदा धरला. त्यांना ओढायचं होतं की त्यांच्यामागे लपायचं होतं, मला सांगता येणार नाही.

आतून आवाज आला. कामाच्या घाईत असलेल्या बाईचा, रोजच्यासारखा, जराही न चढलेला.

"मोठ्या बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. पाय भरतील तुमचे."

बाई जुन्या सवयीने बाजूला झाल्या.